ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार: पेडलं कोणती घ्यावीत आणि कशी लावावीत

सेलूच्या एका तरुण गिटारवादकाचा प्रश्न आहे: "सर, माझ्याकडे तीन सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचा सूर विजेत बदलणाऱ्या एकेरी वेटोळ्यांची) गिटार आहे, घरी दहा वॅटचा छोटा अ‍ॅम्प आहे. एक मेटल डिस्टॉर्शन आणि एक कोरस अशी दोन पेडलं आहेत. घरी आवाज भरदार येतो. ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो की माशा भणभणल्यासारखा येतो, आणि सोलो कुणाला ऐकूच जात नाही. वीस हजार रुपये साठवलेत. कोणती पेडलं घेऊ आणि कोणत्या क्रमानं लावू?"

आधी स्टेजवर तुझी शेवटची केबल कुठे जाते ते बघू, कारण सगळी खरेदी त्यावर ठरते. पेडलांबद्दल, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज बदलणाऱ्या या डब्यांबद्दल, जे काही वाचायला-ऐकायला मिळतं त्यात बहुतेक वेळा असं धरलेलं असतं की गिटार शेवटी गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये जाणार. आपल्याकडे, मग ते सेलू असो, अंबाजोगाई असो की उदगीर, ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर गिटारचा अ‍ॅम्प बहुधा नसतोच. साउंडवाला एक जॅक पुढे करतो आणि तुझी गिटार थेट मिक्सरमध्ये जाते, तिथून गायकाच्या माइकसोबत त्याच मोठ्या स्पीकरांतून बाहेर पडते. तुझ्या भणभणाटाचं मूळ इथे आहे.

गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. त्याची रचनाच तशी असते. डिस्टॉर्शनमध्ये आवाजाच्या लहरीचे माथे छाटले जातात, आणि छाटलेल्या लहरीतून वरच्या पट्टीत कितीतरी कर्कश हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) तयार होतात. गिटारचा स्पीकर ते गाळून टाकतो म्हणून आपल्याला गोड, जाड आवाज ऐकू येतो. मंडपातल्या साउंडच्या स्पीकरांना मात्र हॉर्न आणि ट्वीटर असतात, ते पंधरा किलोहर्ट्झच्या पुढेही इमानेइतबारे वाजवतात. तुझ्या मेटल पेडलमधून निघालेला सगळा कचरा ते लोकांच्या कानावर घालतात. पेडल खराब नाही, तुझा हातही वाईट नाही. त्या रस्त्यात स्पीकर नावाची एक पायरीच गायब आहे.

म्हणून तुझी पहिली खरेदी ही पायरी भरून काढणारी हवी. तिला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात. काही पेडलं हे काम साध्या ॲनालॉग फिल्टरनं करतात. 1989 मध्ये आलेला सॅन्सअ‍ॅम्प हा याच कामासाठी बनला होता: अ‍ॅम्पशिवाय थेट मिक्सरमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्ये जाण्यासाठी. आता त्याच धर्तीची स्वस्त पेडलं मिळतात. दुसरा मार्ग आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सचा. खऱ्या स्पीकरचा आणि त्यापुढे ठेवलेल्या माइकचा स्वभाव एका छोट्या ध्वनिफाइलमध्ये साठवलेला असतो आणि यंत्र तुझा आवाज त्यातून गाळून देतं. आजकालच्या लहान मल्टीइफेक्ट्स यंत्रांतही, म्हणजे अनेक पेडलांचं काम एकाच डब्यात करणाऱ्या यंत्रांतही, कॅबिनेटची सोय असते.

माझं मत स्पष्ट आहे. तुझ्या पैशात आणि तुझ्या कामात एक लहान पण चांगल्या कॅबिनेटचं मल्टीइफेक्ट्स यंत्र घे, आणि त्याच्या आधी एक खरं ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचाच सौम्य प्रकार) पेडल लाव. निम्म्याहून जास्त पैसे यंत्रावर जाऊ देत. उरलेल्यांत ओव्हरड्राइव्ह, वीजपुरवठा, डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल घरघरीशिवाय मिक्सरपर्यंत नेणारी डबी) आणि चांगल्या केबल. सुटी-सुटी सहा पेडलं ओळीत मांडलेली बघायला सुंदर दिसतात, मलाही ती प्रिय आहेत. पण वीस हजारांत ती सहा घेतलीस तर पॉवर सप्लायला पैसे उरणार नाहीत, आणि शेवटी केबल मिक्सरमध्येच जाणार असेल तर भणभणाट तसाच राहील. बॉसचं जीटी-1, झूमचं जी1 फोर ही यंत्रं चार पेन्सिल सेलांवरही चालतात. लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या ठिकाणी या एका गोष्टीला मी फार मान देतो. सेकंडहँड घेणार असशील तर प्रत्येक स्विच दहा-दहा वेळा दाबून बघ, जॅक लावून हळूच हलवून बघ, आणि पडदा उन्हात वाचता येतो का तेही बघ.

एक खबरदारी. घरच्या अ‍ॅम्पमध्ये हेच यंत्र लावशील तेव्हा कॅबिनेट सिम्युलेशन बंद कर. तिथे खरा स्पीकर आहेच. दोन्ही चालू राहिले तर आवाज रजईखालून आल्यागत दबतो.

आता सोलो ऐकू न येण्याबद्दल. घरी रात्री हळू आवाजात वाजवताना आपण बास आणि ट्रेबल वाढवतो, मिड कमी करतो. ते तेव्हा छानच वाटतं, कारण कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. तेच सेटिंग मैदानावर मोठ्या आवाजात गेलं की बास नुसता घुमतो, ट्रेबल टोचतो, आणि मधला भाग, जिथे गिटार खरी बोलते, तो रिकामा राहतो. त्यात आपल्या ऑर्केस्ट्राची रचना बघ. खाली बेस गिटार किंवा कीबोर्डवरचा डावा हात, किक आणि ऑक्टोपॅड. वर झांज, खंजिरी, ढोलकीच्या शाईच्या बाजूची ती टणक थाप. मध्ये गायक, आणि कीबोर्डवाल्यानं स्ट्रिंग्ज लावल्या की उरलेली जागाही भरली. गिटारला जी फट मिळते ती साधारण 500 हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तू नेमका तोच भाग नॉब फिरवून काढून टाकलायस. मेटल पेडलवर मिडचा नॉब असेल तर तो अर्ध्याच्या पुढे ने, गेन (लहर किती छाटायची ते ठरवणारा नॉब) अर्ध्याच्या खाली आण. गेन जास्त म्हणजे आवाज मोठा असा समज असतो, प्रत्यक्षात गेन वाढेल तसा आवाज दाबला जातो, सुराची सुरुवातीची टोच निघून जाते, आणि गर्दीत ती टोचच पोचते.

ओव्हरड्राइव्ह म्हणून मी ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल सुचवतो. आयबानेझचं मूळ पेडल सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आलं. तेव्हापासून त्याच्या इतक्या नकला झाल्या आहेत की कुठल्याही किमतीत एक मिळेल, आणि स्वस्तातलीही चांगली निघतात, कारण सर्किट साधं आहे. त्याचं वैशिष्ट्य असं की ते खालचा बास कापतं आणि 720 हर्ट्झच्या आसपास आवाजाला उंचवटा देतं. एकट्यानं ऐकलंस तर "हा काय नाकातला आवाज" असं वाटेल. ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीत मात्र हाच उंचवटा तुझा सोलो मागच्या खुर्चीपर्यंत पोचवतो. त्याचा उपयोग दोन तऱ्हांनी कर. ऱ्हिदमसाठी ड्राइव्ह (म्हणजे या पेडलचा गेन) मध्यावर, लेव्हल बेताची. सोलोसाठी यंत्रात आधीच थोडा डिस्टॉर्शनवाला आवाज ठेव आणि ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल पाऊण. असं केलं की ते पेडल पुढच्या आवाजाला ढकलतं, सूर लांबतो, बास गढूळ होत नाही. बॉसचं एसडी-1 हेही याच कुळातलं, 1981 पासून बनतंय, आणि आदळआपट झाली तरी चालतं.

क्रमाबद्दल बोलण्याआधी त्याचं एकच तत्त्व मनात पक्कं कर: प्रत्येक पेडल फक्त आधीच्या पेडलानं दिलेल्या आवाजावर काम करतं. डिले (सुराचे पडसाद ऐकवणारं पेडल) आधी आणि डिस्टॉर्शन नंतर लावलंस तर डिस्टॉर्शनला मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकत्रच मिळतात, ते सगळे एकमेकांत मिसळून छाटले जातात आणि चिखल होतो. उलट लावलंस तर छाटलेल्या सुराचे स्वच्छ पडसाद मिळतात. हे तत्त्व कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

तुझ्यासाठी गिटारनंतर सर्वांत आधी ट्यूनर. गिटारचा शुद्ध, एकेक सूर त्याला मिळाला तरच तो अचूक दाखवतो, शिवाय त्याचं बटण दाबलं की आवाज बंद होतो. निवेदक बोलत असताना ते फार लागतं. मल्टीइफेक्ट्समध्ये ट्यूनर असतोच, त्यामुळे सुरुवातीला वेगळा घेऊ नकोस. पण वापर नेमानं कर, आणि यंत्राआधीची पेडलं तेव्हा बंद ठेव. एप्रिल-मेमध्ये सायंकाळी सात आणि रात्री अकरा यांत हवामान इतकं बदलतं की तारा उतरतात किंवा चढतात, आणि हार्मोनियम किंवा कीबोर्डसोबत वाजवताना तो फरक ताबडतोब कानाला लागतो.

मग वाह, म्हणजे पाय हलवून सुराला 'वा-वा' असा आवाज देणारं पेडल. सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांची फर्माईश प्रत्येक कार्यक्रमात येते आणि त्यांतल्या कितीतरी गाण्यांना वाहचा आवाज लागतो, म्हणून याची गरज पडेल. तो ओव्हरड्राइव्हच्या आधी लाव. त्यातून निघालेला झोत ओव्हरड्राइव्ह दाबून एकसारखा करतं आणि आवाज गळ्यातून आल्यासारखा येतो. नंतर लावलास तर वरच्या टोकाला किंचाळतो. यंत्राला पायानं हलवायची पट्टी असेल तर तिच्यावरचा वाह सुरुवातीला पुरे, मात्र तो बाहेरच्या ओव्हरड्राइव्हनंतर येतो, म्हणून तेव्हा ते बंद ठेव.

कॉम्प्रेसर (हलके-मोठे सूर एका पातळीला आणणारं पेडल) घेणार असशील तर तोही इथेच, ड्राइव्हच्या आधी. स्वच्छ आवाजात आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) वाजवताना त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र हलका आवाज तो उचलतो तसा खरखरीलाही उचलतो, आणि तुझ्या सिंगल-कॉइलना मंडपातल्या लाइटांची घरघर आधीच भरपूर मिळते. मी तो दुसऱ्या वर्षी घ्यायच्या गोष्टींत टाकेन.

त्यापुढे ओव्हरड्राइव्ह, त्यापुढे जास्त गेनवालं डिस्टॉर्शन. कमी गेन आधी, जास्त गेन नंतर. तुझं मेटल पेडल विकू नकोस, त्याला इथे जागा आहे, फक्त आता त्याच्यापुढे कॅबिनेट असेल. त्यानंतर नॉइज गेट, आणि तो डिलेच्या आधीच. नंतर लावला तर पडसादांची शेपटी मध्येच तुटते. गेटचा उंबरठा इतकाच ठेव की हात थांबल्यावर घरघर बंद व्हावी. लांबवलेला सूर मरता मरता कापला जाऊ लागला तर गेट जास्त आवळलाय.

मग कोरस, फेझर, फ्लँजर, ट्रेमोलो ही आवाज हलवणारी मंडळी. यांत फेझरचा अपवाद लक्षात ठेव: तो ओव्हरड्राइव्हच्या आधी लावला तर त्याच्या लाटा मऊ आणि जुन्या वळणाच्या येतात. दोन्हीकडे लावून बघ, कानाला पटेल तिथे ठेव. कोरस मात्र ड्राइव्हनंतरच. आणि कीबोर्डवाला आधीच कोरसनं भरलेला पॅड (लांब धरलेले सूर) वाजवत असेल तर तुझा कोरस बंद ठेव. दोघांचे डोलणारे सूर एकत्र आले की गायकाला सूर पकडणं अवघड जातं. साथीच्या वादकानं याची काळजी घेतलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

व्हॉल्यूम पेडलची जागा बदलली की त्याचं कामच बदलतं. सगळ्यांत आधी लावलं तर ते गिटारच्या नॉबसारखं वागतं, आवाज कमी करता करता डिस्टॉर्शनही साफ होतं. ड्राइव्हनंतर आणि डिलेच्या आधी लावलं तर डिस्टॉर्शन तेवढंच राहून फक्त पातळी बदलते, आणि डिलेचे पडसाद आपापले संपतात. भावगीतात सूर हळूच उगवून यायला हवा असतो, तिथे हीच जागा बरोबर. तुझ्या यंत्रात ही जागा बदलायची सोय आहे का ते घेण्याआधी बघ.

डिले आणि रिव्हर्ब (खोलीत आवाज घुमल्यासारखा परिणाम) शेवटी. डिलेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्या ठेक्यांचा प्रश्न येतो. एका मात्रेचा वेळ काढायचा तर 60,000 ला लयीच्या आकड्यानं (मिनिटाला किती मात्रा) भाग दे. लय 120 असेल तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. परदेशी रॉकमध्ये गाजलेला जो पाऊण मात्रेचा डिले आहे तो मग 375 चा. चार मात्रांच्या, सरळ चालीच्या गाण्यांत तो शोभतो. पण दादऱ्याच्या अंगाची गाणी, कोळीगीतं, गोंधळाच्या वळणाची गाणी यांत मात्रा तीनात विभागलेली असते. तिथे पाऊण मात्रेचा पडसाद ढोलकीच्या प्रत्येक बोलाच्या मध्ये येऊन पडतो आणि ठेका लंगडतो. अशा गाण्यात मोठ्या मात्रेचा तिसरा भाग किंवा दोन तृतीयांश भाग घे. मोठी मात्रा 600 मिलिसेकंदांची असेल तर डिले 200 किंवा 400. टॅपचं बटण असेल तर ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघून दाब, आणि पडसाद दोन-तीनपेक्षा जास्त ठेवू नकोस. लय धावती असेल आणि वेळ मिळत नसेल तर शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांचा एकच पडसाद ठेव, तो कुठल्याही ठेक्यात खपतो.

रिव्हर्ब जागा बघून ठरव. गणपतीच्या किंवा 14 एप्रिलच्या कार्यक्रमाला उघड्या मैदानावर वाजवताना भिंती नसतात, आवाज जातो तो परत येत नाही, तिथे थोडा रिव्हर्ब लावावाच लागतो. मंगल कार्यालयात उलट. पत्र्याचं छत, फरशी, मोकळ्या भिंती, आवाज स्वतःच फिरत राहतो. तिथे रिव्हर्ब पूर्ण बंद, डिलेही निम्मा. मोठ्या मैदानावर स्पीकर मागेपर्यंत लावले असतील तर आणखी एक गोष्ट घडते: आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटरवरच्या माणसाला पुढच्या स्पीकरचा आवाज शंभर मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो आणि जवळच्या स्पीकरचा लगेच. त्याला न मागता एक डिले मिळालेला असतो. त्यात तुझी भर शक्यतो कमी असू दे.

कॅबिनेट सिम्युलेशन या सगळ्याच्या शेवटी किंवा डिलेच्या आधी, दोन्ही ठिकाणी जवळपास सारखंच वाजतं. डोकं त्यात घालू नकोस. आणि पुढे कधी चांगल्या मोठ्या अ‍ॅम्पवर वाजवायची वेळ आली आणि डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच वापरलंस, तर डिले-रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये (त्याच्या डिस्टॉर्शननंतर पेडलं जोडायच्या जागी) लाव. तत्त्व तेच.

फझबद्दल, म्हणजे डिस्टॉर्शनच्या जुन्या, खरबरीत प्रकाराबद्दल, तू विचारलेलं नाहीस, पण आज ना उद्या मोह होणारच, आणि आपल्या भागात त्याची एक खास अडचण आहे. 1966 च्या फझ फेससारखी जुनी फझ पेडलं जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर चालतात. जर्मेनियममधून गळणारा प्रवाह तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, आणि त्यानं ट्रान्झिस्टरचा तोल ढळतो. इंग्लंडच्या गार खोलीत मखमली वाजणारं पेडल परभणी-नांदेडच्या मेमध्ये, पारा 42-43 वर असताना, तुटक आणि घुसमटलेलं वाजतं. म्हणून इथे फझ घ्यायचं तर सिलिकॉनचं घे. आवाज थोडा तिखट असतो पण ऋतू बदलला तरी तो तसाच राहतो. अशा फझला गिटार थेट लागते, मध्ये बफर (सिग्नलला जोर देऊन पुढे पाठवणारं छोटं सर्किट) आला की ते बिघडतं. म्हणून ते ओळीत सर्वांत आधी, ट्यूनरच्याही आधी. आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा उतरवला की फझ साफ होत जातं, ते त्याचं खरं सौंदर्य आहे.

बफर हा शब्द आलाच आहे तर: गिटारची केबल लांब झाली की वरचे सूर मरतात, कारण केबलमध्ये दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धारिता असते आणि पिकअपला तो भार झेपत नाही. एखादं बफरवालं पेडल, उदाहरणार्थ बॉसच्या बहुतेक छोट्या पेडलांपैकी एखादं, ओळीत असलं की पुढची केबल लांब असली तरी फारसा फरक पडत नाही. सगळीच पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारी) हवीत हा हट्ट त्यामुळे निरर्थक आहे.

आता वीज, जिच्यावर लोक सर्वांत कमी पैसे घालवतात. बहुतेक पेडलांना 9 व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या आतलं टोक ऋण असतं. पेडलवरचं चिन्ह वाचल्याशिवाय पिन लावू नकोस, वायफायच्या डबीचा चार्जर सारखाच दिसतो आणि त्याचं आतलं टोक बहुधा धन असतं, शिवाय तो कधी 12 व्होल्टचा निघतो. ओव्हरड्राइव्हला दहा मिलिअँपियरच्या आसपास पुरतात, डिजिटल डिलेला पन्नास ते शंभर आणि त्याहूनही जास्त, मल्टीइफेक्ट्सला कित्येक शे. एकाच चार्जरमधून फाटे काढून ॲनालॉग आणि डिजिटल पेडलं चालवली की डिजिटलची बारीक शिट्टी ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि दहापट मोठी होते. तुझ्या जोडणीवर सोपा उपाय आहे: यंत्राला त्याचा स्वतःचा अडॅप्टर, ओव्हरड्राइव्हला 9 व्होल्टची बॅटरी. ती पुष्कळ कार्यक्रम पुरते, फक्त वाजवून झालं की पेडलच्या इनपुटमधून जॅक काढ, कारण जॅक आत असेपर्यंत पेडल चालूच असतं. पेडलं वाढली की मग प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घे. पॉवर बँकेवर 9 व्होल्टची वायर लावून चालवणारे बरेच आहेत. ते चालतं, पण काही पॉवर बँका भार फार कमी असला की आपोआप बंद होतात, तेव्हा घरी तासभर चालवून खात्री कर.

शेतातल्या किंवा गल्लीतल्या मंडपात अर्थिंग असेलच असं नाही. एका हाताला तारा आणि ओठाला माइक लागला की झटका बसतो, आणि कधी तो जिवावर बेततो. जोडणी झाली की मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या ब्रिजला लाव. चार-पाच व्होल्टच्या वर काही दिसलं तर माइकजवळ जाऊ नकोस आणि साउंडवाल्याला तिथल्या तिथे सांग. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. घरघर घालवायला डीआय बॉक्स आहे. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या वायरचं अर्थ तोडतं, विजेचं नाही. मिक्सर स्टेजपासून वीस-तीस मीटर लांब असतो आणि तेवढी साधी जॅक केबल सगळ्या लाइटांची घरघर गोळा करत जाते. डीआय तुझा सिग्नल बॅलन्स करून पाठवतो आणि ती घरघर मिक्सरवर आपोआप रद्द होते. ट्रान्सफॉर्मरवाला साधा डीआय घे, त्याला बॅटरी लागत नाही आणि मिक्सरवरून चुकून आलेलं 48 व्होल्टचं फँटम पॉवर (मिक्सर माइकसाठी पाठवतो ती वीज) तो तुझ्या यंत्रापर्यंत येऊ देत नाही. स्वतःचा डीआय बाळगणाऱ्या गिटारवाल्याला साउंडवालाही मान देतो. तुझी जोडणी डीजे लाइट आणि डिमर ज्या बोर्डावर आहेत त्या बोर्डावरून घेऊ नकोस, आणि तरीही घरघर उरलीच तर अंग थोडं वळवून उभा राहा. सिंगल-कॉइलची दिशा बदलली की ती बरीच उतरते.

पेडलं मांडायचा बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडून दोन फूट लांब आणि फूटभर रुंद ॲल्युमिनियमची चौकट करून घे, पुढची बाजू जरा खाली उतरती. पेडलं चिकटवायला नुसत्या वेल्क्रोवर भरवसा ठेवू नकोस. दुपारी टेम्पोत तापलं की त्याचा गोंद सुटतो. सोबत प्लॅस्टिकच्या टाय मार. वरून जाड कापड घाल, कारण आपल्याकडची बारीक काळी धूळ नॉब आणि जॅकमध्ये जाऊन बसते आणि मग प्रत्येक नॉब खरखरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पावसाळ्याआधी आणि एक नंतर मारला की पुरे. पेडलांमधल्या छोट्या केबल स्वतः सोल्डर करायला शीक. बंद पडणाऱ्या दहा जोडण्यांपैकी बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

यंत्रात आवाज साठवताना गाण्याच्या नावानं साठवू नकोस, कामाच्या नावानं साठव: स्वच्छ, थोडा कडक, सोलो, वाह. एका रात्रीत भीमगीत, लावणी, जुनं हिंदी आणि नवं मराठी एकामागून एक येतं, आणि निवेदक यादी कधीही बदलतो. चार आवाज पायाखाली ओळीनं असले की डोळे ढोलकीवाल्याकडे आणि गायकाकडे राहतात. सोलोचा आवाज बाकीच्यांपेक्षा तीन-चार डेसिबलनं मोठा ठेव, आणि साउंड चेकला साउंडवाल्याला आधी तोच ऐकव, म्हणजे तो मिक्सरवर पातळी लावताना त्याला वरची मर्यादा कळते. नाहीतर तू सोलोला पाय दिलास की तो घाबरून तुझा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो, आणि मग रात्रभर तू खालीच राहतोस.

आणि एक लांब केबल नेहमी वेगळी ठेव. ओव्हरड्राइव्ह बंद पडलं, बॅटरी संपली, मधली वायर तुटली, काहीही झालं तरी गिटार सरळ यंत्रात आणि यंत्र डीआयमध्ये, एवढं गाणं सुरू असतानाही जोडता आलं पाहिजे. घरी दोन-चार वेळा अंधारात करून बघ.